पुला हा माझा प्रश्न होता

मी, मोत्लालेपुला रासेबोत्सा, वय सत्तावन्न, व्यवसाय एका साप्ताहिकाची वार्ताहरकी, राहणार मोसेतलेंग, मध्य बोत्स्वाना, आज कोणाच्या दडपणाखाली नसताना आणि चहाखेरीज कोणत्याही पेयाच्या अमलाखाली नसताना, माझ्यामागे काय कोणाचे व्हावे ते लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. डाव्या कानाबद्दल तसे म्हणता येत नाही, आणि या कागदाचे मूळ त्या कानातच आहे.

कलम १. दोन खोल्यांचे पत्र्याचे घर धाकटी बहीण केलेबोन्ये हिला. घराबरोबर तिला गळका नळही मिळेल. तो मी उद्या दुरुस्त करणार आहे, हे ती अकरा वर्षे ऐकते आहे.

कलम २. टाइपरायटर आणि खासदारांना वेळोवेळी पाठवलेल्या एक्केचाळीस पत्रांच्या प्रती आमच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्मा बोइपेलो यांना. सर्व पत्रांचा विषय एकच: शाळेच्या पैशाला हात लावू नका. उत्तर एकदाच आले, आणि ते रस्तादुरुस्तीबद्दल होते. प्रतींची पाठची बाजू कोरी आहे. मुलांना गणिते सोडवायला उपयोगी पडेल.

कलम ३. हातगाडी. ही शेजारी ओतुकिले याने आठ वर्षांपूर्वी "दोन तासांसाठी, रा" (आमच्याकडे आदराने बाईंना म्मा म्हणतात, तसे पुरुषाला रा) असे म्हणून नेली. तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे कायदा सांगतो. संपूर्ण कायद्यात मला मनापासून आवडलेले हे एकमेव कलम.

कलम ४. हे दान नव्हे, कबुली आहे. गेल्या सप्टेंबरात खोत्ल्यात, म्हणजे आमच्या ग्रामसभेच्या जागी, खासदार फेन्यो लेकोको आले होते. येणाऱ्या अंदाजपत्रकात शाळांचा खर्च कमी करायचा आहे, आमच्या शाळेचे पाचवी ते सातवीचे वर्ग बंद करून मुले एकोणीस किलोमीटरवरच्या गावी पाठवायची आहेत, असे ते गोड आवाजात सांगत होते. अस्मादिक वार्ताहर म्हणून शेवटच्या रांगेत, डावा कान वक्त्याकडे करून बसले होते. मला ऐकू आले ते एवढेच: "थोडी कात्री."

वकिलांसाठी नोंद करतो की आमच्या भाषेत पाऊस, पैसा आणि "तथास्तु" या तिन्हींना एकच शब्द आहे: पुला. सभा संपवतानाही गाव तोच पुकारा करते. मला विचारायचे होते की या कात्रीने किती पुला वाचणार. टोपी काढून उभा राहिलो. उरलेले वाक्य आतच राहिले आणि खणखणीत आवाजात बाहेर पडला तो एकच शब्द: "पुला?"

लोक सकाळपासून उन्हात बसलेले. मागे मोठ्या हंड्यांतून मांस शिजल्याचा वास येत होता. सभा संपली असे वाटून सारे गाव उठले आणि गरजले, "पुला! पुला!" खासदारांनी दोन्ही हात उंचावले. कारकुनाने लिहिले: ग्रामस्थांनी प्रस्तावाचे एकमुखाने स्वागत केले.

मी धावत त्याच्याकडे गेलो. "अरे बाबा, मी विचारत होतो! किती पुला वाचणार, असं!"

"मग 'किती' आधी म्हणायचं ना, रा. आता शाईनं लिहून झालंय."

म्मा बोइपेलो जवळच उभ्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. शांतपणे म्हणाल्या, "रा, वीस वर्षं पत्रं लिहिलीत. आणि तोंडानं एकच शब्द बोललात, तो हा?"

मोत्लालेपुला याचा अर्थ पुला घेऊन आलेला. आईने नाव ठेवले तेव्हा तिच्या मनात पाऊस होता.

कलम ५. सात गायींपैकी सहा बहिणीला. सातवी, पांढऱ्या कपाळाची, खासदार लेकोको यांना मफीसा म्हणून. मफीसा म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते, पण संसदेत गेल्यावर विस्मरण होत असावे, म्हणून सांगतो. गाय सांभाळायला दिलेली असते. दूध सांभाळणाऱ्याचे, गाय मात्र देणाऱ्याची. ती विकायची नाही, कापायची नाही, आणि वर्षातून एकदा धन्याला दाखवायची. या गायीची धनी आमची शाळा राहील. खासदारांनी रोज दूध प्यावे आणि विचार करावा, की शाळांचा पैसाही त्यांच्याकडे असाच सांभाळायला दिला आहे. दुष्काळी वर्षी शहाणा माणूस स्वतःची गाय आधी कापतो, दुसऱ्याची नव्हे. भत्ते, गाड्या, परदेशवाऱ्या या त्यांच्या स्वतःच्या गायी. कात्री तिथून सुरू करावी.

कलम ६. सायकल भाची त्शेनोलो हिला. ती यंदा पाचवीत जायची आहे. परवा म्हणाली, "मामा, एकोणीस किलोमीटर म्हणजे पहाटे कितीला उठायचं?" मी सायकलची साखळी पुसायला घेतली. अट एवढीच: सायकल हौसेने फिरवावी. त्या दूरच्या शाळेत जाण्यासाठी ती वापरावी लागली, तर हे सारे मृत्युपत्र रद्दी समजावे.

कलम ७. इथवर लिहून मी साक्षीदारांना बोलावले. गावच्या नर्स म्मा सेतुन्या यांनी सगळे वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"हे वाचायचं कधी, रा?"

"मी गेल्यावर. खोत्ल्यात, खासदारांसमोर. मेलेल्या माणसावर कोणी हसत नाही."

"अंदाजपत्रक फेब्रुवारीत आहे. तुमचं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे. तोवर मरायचं कसं जमवणार?"

ओतुकिले म्हणाला, "याने मनावर घेतलं तरी उशीरच होईल. नळ बघा की."

"चोविसाव्या तारखेला खासदार पुन्हा येतायत," नर्सबाई म्हणाल्या. "उभं राहायचं आणि स्वतः वाचायचं. खोत्ल्यात बोलणाऱ्याला मध्ये कोणी तोडत नाही. का, घाबरता?"

घाबरतो. एक्केचाळीस पत्रे लिहिणारा माणूस बहुधा बोलायलाच घाबरत असतो.

सबब, बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. कलम ४, ५ व ६ मात्र शनिवार दिनांक २४ जानेवारी रोजी सकाळी दहा वाजता, खुद्द माझ्या तोंडून. गावाने पोटभर हसून घ्यावे. हसणे संपेपर्यंत मी उभा राहीन. मग कारकुनाने लिहून घ्यावे, की मोसेतलेंगने आपल्या शाळेचे तीन वर्ग सोडण्यास संमती दिलेली नाही.

ठिकाण: मोसेतलेंग
दिनांक: ९ जानेवारी २०२६

सही: मोत्लालेपुला रासेबोत्सा

साक्षीदार १: ओतुकिले मोलोसी, विहिरीवरचा पंपचालक. (हातगाडी उद्या आणून देतो.)

साक्षीदार २: सेतुन्या केबालेपिले, नर्स. आमच्यादेखत सही केली. प्रकृती ठणठणीत.