वालाच्या दाण्याएवढं तोंड

मुंबई, वैशाख शुद्ध पंचमी, शके १८२०

प्रिय सुंदरा,

तुझं पत्र पोचलं. भाची झाली हे वाचून आनंदानं हसले, आणि पुढचं वाचून संतापले. पोरीचा ओठ फाटका, म्हणून तुला, ओल्या बाळंतिणीला, पौर्णिमेनंतर साजगावला माहेरी धाडायचं आणि हिरामणसाठी दुसरी बघायची! माझ्या त्या भावाला मी वेगळं पत्र लिहिलंय, त्यातली भाषा तुझ्या वाचण्याजोगी नाही. तू आधी पोरीकडे बघ. पाजताना तिला उभी धर. ओढता येत नसेल तर दूध पिळून बोंडल्यानं थोडं थोडं घाल, घाई करू नकोस. ती जगेल, चांगली गुटगुटीत होईल. मी झालेच ना?

आई म्हणते, पौषातल्या ग्रहणात तू काहीतरी चिरलंस. अगं, मी तेव्हा कळंबला घरीच होते की! तिनं कोयता, विळी, अगदी सुईसुद्धा भाताच्या कणगीत पुरली आणि ग्रहण सुटेपर्यंत स्वतः तुझ्या दाराशी बसून राहिली. तुला घोटभर पाणी मिळालं नाही. आणि आता म्हणे, "नखानं वालाची शेंग तरी सोलली असंल, मला काय ठावं नाय?" तू शपथा घेतेस तशी ती आणखीच चिडते. मला तिचा राग येतो आणि कीवही येते. माझ्या वेळी पावसाळ्यात ग्रहण लागलं होतं. तिला सहावा महिना, भूक काही आवरेना, म्हणून तिनं मांडवावरची एक काकडी तोडून चिरून खाल्ली. पुढे मी जन्मले ती अशी. लहानपणी माझी वेणी घालता घालता तिचे हात थांबायचे. "मीच चिरली गं तुला," एवढंच म्हणायची. तेव्हापासून तिनं काकडी तोंडाला लावलेली नाही.

आमच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला मागे काही चित्रं दाखवली. पोटातल्या जिवाला सुरुवातीला आपल्यासारखं तोंड नसतंच. कपाळाकडून एक भाग खाली उतरतो, दोन्ही गालांकडून एकेक पुढे सरकतो आणि नाकाखाली ते एकमेकांना जुळतात. तुझा, माझा, गावच्या पाटलाचासुद्धा ओठ आधी असाच उघडा होता. जुळायचं राहून गेलं की आमच्यासारखं होतं. टाळूचंही तसंच, ती थोडी मागाहून जुळते. ओठाचं हे सगळं दुसऱ्या महिन्यात उरकतं, जीव वालाच्या दाण्याएवढा असतो तेव्हा. म्हणजे घरात गणपती बसले होते तेव्हा, तुला धड ओकाऱ्याही सुरू झाल्या नव्हत्या. ग्रहणात तू अख्खा भोपळा चिरला असतास तरी पोरीच्या ओठाला काही झालं नसतं.

मग जुळत का नाही, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, नक्की कुणालाच माहीत नाही, पण काही घरांत पुन्हा पुन्हा दिसतं. तसं असेल तर ते आमच्या घरातून आलंय, साजगावहून नाही. हे हिरामणलाही कळवलंय. प्लेग ओसरला की पोरीला घेऊन ये. माझा शिवला तसा तिचाही ओठ शिवतील. माझी आता नुसती रेघ उरलीय, हसले की जराशी वाकडी होते.

आता खरं सांगते. तू काही केलं नाहीस हे तुला ठाऊकच आहे, तुझ्यासाठी दोन ओळी पुरल्या असत्या. एवढं लांबण लावलं ते आईसाठी. तिला वाचता येत नाही, आणि मी ओठाचा विषय काढला की ती उठून गोठ्यात जाते. ती भात कांडायला बसली की शेजारी बस आणि हे पत्र पहिल्यापासून मोठ्यानं वाच. उठून गेली तर गोठ्याच्या दारात उभी राहून वाच. शेवटचं नीट ऐकू जाऊ दे. आई, काकडीनं काही झालं नाही गं. तू विळी हातात घेतलीस त्याच्या कितीतरी आधी माझा ओठ असा होऊन गेला होता. तू मला चिरलं नाहीस. सुंदरानंही पोरीला चिरलं नाही. नातीला मांडीवर घे. पावसाळ्यात मी येईन, तेव्हा मांडवावरची पहिली काकडी आपण दोघी मिळून खाऊ.

तुझीच,
कोंडी