चार ते पाच, आईजवळ

सिस्टर, शेवटी माझं मुंबईला जायचं ठरलं. नाताळच्या सुट्टीत, तीन दिवस. मुलाचा फोन आला तो शाळेची नोटीस वाचून दाखवावी तसा. "आई, सव्वीसला ये, अठ्ठावीसला परत. एकोणतीसला आम्ही गोव्याला निघतोय, तेव्हा तारीख हलवू नकोस." मी म्हटलं, "मी कशाला हलवू? तारीख तुमची, घर तुमचं. मी फक्त गुडघे आणते." तो हसला. मागून सून म्हणाली, "अहो, आईंना विचारा ना, त्यांना काय काय बघायचंय ते." मॉल, मत्स्यालय, समुद्र, अशी यादी त्याने वाचली. मला काही बघायचं नाही, असं सांगून मी फोन ठेवला. मग दोन दिवस मलाच माझा राग येत राहिला. माणसं बोलावतात हेच पुष्कळ, हे कळतं. पण कळणं आणि तोंडातून नीट शब्द येणं यांची माझ्याकडे कधी भेट झाली नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?

प्रवासाचं टाइमटेबल करायला बसले. ही सवय तुमचीच. सातवीत तुम्ही आम्हाला त्र्यंबकला सहलीला नेलं होतं, तेव्हा पाणी प्यायलासुद्धा वेळ नेमून दिली होती. पुढे त्याच शाळेत मी मराठी शिकवायला लागले आणि तुम्ही हेडमिस्ट्रेस झालात, तरी सहलीचा कागद तुम्हीच करायच्या. नेहमी पाठकोऱ्या कागदावर. कोरा कागद वापरताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. माझ्याही ड्रॉवरमध्ये आता पाठकोऱ्यांचा गठ्ठा असतो. त्यात हात घातला आणि तो कागद निघाला. निघाला म्हणते, पण तो तिथे आहे हे मला माहीत होतं. म्हणून तर मी तो ड्रॉवर फार उघडत नाही.

तो कागद केला त्या वर्षीचा डिसेंबर आहे. शाळा सुटली आहे, ऑफिसच्या खिडकीतून बाळ येशूचा नाताळचा गोठा बांधणाऱ्या मुलींचा आवाज येतोय. गवत कमी पडलं म्हणून त्या एकमेकींवर ओरडताहेत. तुम्ही टेबलापलीकडे बसला आहात आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागताहात, तेही न मागता. तुमची आई ऐंशीच्या घरात आहे, मुंबईला माझगावात तुमच्या भावाकडे असते. तुम्हाला घरी जायला मिळतं ते चार-पाच वर्षांतून एकदा, आणि नाताळात तर कधीच नाही. कॉन्व्हेंटमध्ये आल्यापासून नाही. या वर्षी मदर सुपीरियरने तीन दिवस दिलेत, सव्वीस ते अठ्ठावीस. फक्त बोर्डिंगमधल्या अकरा मुलींपाशी रात्रंदिवस कोणीतरी मोठं माणूस हवं. पेठ-सुरगाण्याकडच्या मुली, सुट्टीत घरी न जाणाऱ्या. बाकीच्या सिस्टर खेड्यांवर जाणार, आणि म्हाताऱ्या सिस्टर तर अंथरुणावर.

"मी राहते, सिस्टर," मी म्हटलं.

"तुझं घर?"

"सासूबाई आहेत. हे आहेत. तीन दिवस माझ्याशिवाय जेवले तर त्यांना माझी किंमत कळेल."

तुम्ही हसलात. मग आपण दोघींनी तो कागद केला. तुम्हाला मुंबई नीट ठाऊक नव्हती, माझं माहेरचं कोणी ना कोणी तिथे असायचं. पहाटेची एसटी, दादरला उतरून टॅक्सी, कारण तुमच्या हातात फराळाचे डबे असणार. सत्तावीसला नऊ वाजता आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. अकराला चष्म्याचं दुकान. बाराला भावजयीला स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं, हेसुद्धा तुम्ही लिहिलंत. आणि पुढे लिहिलंत, "चार ते पाच, आईजवळ."

मी म्हटलं, "या तासाचं काम लिहायचं राहिलं."

"लिहिलंय की."

"आईजवळ म्हणजे काय करायचं?"

"करायचं काय? बसायचं," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे असं पाहिलंत, जसं सोपं गणित चुकलेल्या मुलीकडे पाहावं.

त्यानंतर आठवड्यात ते झालं. बोर्डिंगमधली एक मुलगी माझ्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपली होती. मी तिला उठवलं आणि म्हणाले, "काय गं, रात्रभर नागली दळत होतीस काय?" नागली, म्हणजे त्यांच्या पाड्यांवरची नाचणी, ऐकून वर्ग खो-खो हसला. मुलगी रडली नाही, नुसती उभी राहिली. नंतर कळलं, ती एका तापलेल्या लहान मुलीच्या उशाशी रात्रभर बसली होती. हे तुमच्यापर्यंत पोचलं. तुम्ही मला ऑफिसात बोलवायला हवं होतं. त्याऐवजी मधल्या सुट्टीत तुम्ही स्टाफरूमच्या दारात आलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "बाई, उद्यापासून जीभ घरी ठेवून या. वर्गात तिची गरज नाही."

एरवी मला अगं-तुगं करणाऱ्या तुम्ही, त्या दिवशी मला बाई म्हणालात. कोणीतरी डब्याचं झाकण लावलं, तेवढाच आवाज. पीटीच्या बाई खाली मान घालून हसत होत्या. सिस्टर, तुमचं म्हणणं बरोबर होतं. जागा बरोबर नव्हती. हे मी आजही म्हणते, आणि कोणी विचारलं तर शपथेवर म्हणेन. ज्या अपमानासाठी तुम्ही मला शिक्षा केलीत, तोच तुम्ही माझा केलात. मी घरी जाऊन कोणाशी बोलले नाही. आठ दिवस ते वाक्य घोळवत राहिले.

पंचवीसला संध्याकाळी मी तुमच्याकडे आले. तुमची छोटी कापडी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. फराळाचे डबे जुन्या साडीच्या काठाने बांधलेले. मी उभ्याउभ्या सांगितलं, सासूबाई अचानक आजारी पडल्या, घर सोडता येणार नाही. तुम्ही लगेच विचारलंत, "डॉक्टर आले का? ताप किती आहे?" मी म्हटलं, बघतोय. तुम्ही माझा हात धरलात. "तू जा. घर आधी." मुंबईला शेजाऱ्यांकडे फोन करून तुम्ही निरोप ठेवलात, हे मला नंतर शिपाईमावशींनी सांगितलं. तुम्ही पिशवी कधी रिकामी केलीत, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

सत्तावीसला दुपारी सासूबाई अंगणात उन्हाला पाय पसरून बसल्या आहेत, पुढ्यात मटारचा ढीग. मी आत कपड्यांच्या घड्या घालतेय. फाटक वाजतं. खिडकीतून पाहते तर तुम्ही, हातात रुमालाने झाकलेली बशी. मला आठवतं, मी साडीची घडी छातीशी तशीच धरून उभी राहिले. बाहेर काही गेले नाही.

"या या, सिस्टरबाई. आज इकडे कशा?" सासूबाई म्हणाल्या.

"तुमची तब्येत विचारायला आले."

"माझी? मला काय धाड भरलीय? कालच आपल्या गावच्या गंगेवर जाऊन आले, पायी. सूनबाईला विचारा, मला जेवायला अर्धी भाकरी जास्तच लागते."

तुम्ही बशी पायरीवर ठेवलीत. मग तुम्ही म्हणालात, "बरं वाटलं बघून." आणि तुम्ही खाली बसलात, त्या पांढऱ्या झग्यानिशी, अंगणातल्या मातीत. सासूबाई म्हणत राहिल्या, अहो पाट आणते, अहो कपडे मळतील. तुम्ही ढिगातली एक शेंग घेतलीत. तुम्ही दोघी मटार सोलत बसलात, तुमचे दाणे त्या रुमालावर. सासूबाईंनी तुम्हाला विचारलं, "तुमची आई आहे?" तुम्ही म्हणालात, "आहे." "मग सणाला नाही गेलात?" "या वर्षी नाही जमलं." आतल्या भिंतीवरचं घड्याळ मी मुद्दाम पाहिलं नाही. पण उन्हावरून कळत होतं. चार वाजून गेले होते.

तुम्ही गेलात. बशीत करंज्या होत्या, आईसाठी बांधलेल्या डब्यातल्या. सासूबाई म्हणाल्या, "फार साधी बाई हो. तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होती." काय बोललात, ते मी विचारलं नाही.

मार्चमध्ये तुमची आई गेली. तेव्हा मात्र तुम्हाला लगेच पाठवलं. परत आल्यावर तुम्ही पहिल्याच दिवशी प्रार्थनेला उभ्या होतात. मी वाट पाहत होते. खडू वाया घालवला तर बोलणाऱ्या, साडीच्या निऱ्या वाकड्या दिसल्या तर बोलणाऱ्या तुम्ही, याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. ऑफिसातही नाही, स्टाफरूमच्या दारातही नाही. पुढे पाच वर्षं आपण एकाच शाळेत होतो. बोलला असतात तर मी भांडले असते. म्हटलं असतं, तुम्ही मला सगळ्यांसमोर का बोललात? मग कदाचित रडलेही असते. तुम्ही गप्प राहून माझं भांडणच काढून घेतलंत. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, माझा राग अजून तिथेच उभा आहे आणि आता त्याला उभं राहवत नाही.

तो कागद मला बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात सापडला होता, सुट्टी संपल्यावर. भिंतीवर खिळ्याला लटकवलेला. प्रवासाच्या टाइमटेबलाखाली उरलेल्या जागेत तुम्ही मुलींच्या तीन दिवसांच्या जेवणाचा बेत लिहिला होतात. सव्वीसला पुरी आणि खीर. मी तो काढून पर्समध्ये टाकला. कोणी विचारलं नाही.

आज तो शेजारी ठेवून मी माझा कागद केला. सव्वीसला बस. सत्तावीसला सकाळी नातीबरोबर मत्स्यालय, ठीक आहे, मासे बघेन. दुपारी चार ते पाच मोकळं ठेवलंय. माझगावला जाईन असं नाही. घर मला माहीत नाही, आणि जाऊन काय सांगणार? मुलाला सांगितलं, त्या तासात मला कुठे नेऊ नका. तो म्हणाला, "आई, त्या वेळेत काय करणार तू?" मी म्हटलं, "बसणार." तो म्हणाला, "बरं, मीही घरीच आहे तेव्हा."  यावर मी त्याला टोमणा मारला नाही, एवढी नोंद घ्यावी.

हे पत्र त्या दोन कागदांबरोबर ड्रॉवरमध्येच जाईल. एक मात्र राहिलं. तुम्ही सोललेले मटार मी वाटीत वेगळे काढून ठेवले होते. दोन दिवस त्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी उसळ केली, आणि सिस्टर, ती इतकी छान झाली होती की मी दोनदा वाढून घेतली.