म्हाताऱ्या राणीला एक्स्टेन्शन

२ मार्च, सकाळी ७
गच्चीवरच्या मधमाश्यांच्या पेटीत नव्या राण्यांची सहा घरं दिसली. शेंगदाण्याएवढी, खाली लोंबणारी. प्रत्येकीत एक उमेदवार. पेटी देणारे रमेशजी फोनवर म्हणाले, हात लावू नका साब, म्हातारी आपणहून जागा सोडते. हद्द झाली! दोन वर्षांची सर्व्हिस, एक खाडा नाही, पाठीवर ओळखीसाठी रमेशजींनी लावलेला लाल ठिपका, आणि म्हणे जागा सोडते.

३ मार्च
रिटायरमेंटला अठ्ठावन्न दिवस. एक्स्टेन्शनचा अर्ज दिला. कारण: शाखेत पर्यायी अधिकारी नाही. खरंच नाही. समीर होता, हुशार होता, म्हणून त्याचा तबादला मीच करवला. राहिली पूजा. तिचंही बघतो.

५ मार्च
शोभा म्हणते, दुपारी माश्यांचा ढगच्या ढग उडून गेला, तुमची राणी गेली वाटतं. बायकोला यातलं काय कळतं? टूरवर गेल्या असतील. पेटीत राणी दिसली नाही हे खरं. पण सीनिअर माणूस कायम सीटवर सापडतोच असं नाही.

६ मार्च
सहाही घरं ब्लेडने कापली. म्हातारी आता निर्धास्त. माझ्यासाठीही कोणीतरी एवढं करायला हवं होतं.

१२ मार्च
पेटीत पुन्हा तीन घरं. काय चिकाटी! कापली. पूजाचा सागर शहरातल्या शाखेत तबादला झाला. जाताना पाया पडली. म्हणाली, सर, तुमच्याकडून काम शिकायचं राहूनच गेलं. जरा कसंतरी झालं. जेवल्यावर बरं वाटलं.

२ एप्रिल
माश्या कमी वाटतात. ऊन असेल. अर्जाची फाइल वर गेली आहे. वर गेलेली फाइल हे चांगलं लक्षण.

२० एप्रिल
रमेशजींनी पेटी उघडली. म्हणाले, म्हातारी पाच मार्चलाच गेली साब, निम्म्या माश्या घेऊन. तुम्ही कापलीत त्या घरांत पुढची राणी होती. आता राणी होईल असं एक अंडं उरलेलं नाही. मी म्हटलं, मी नियमाने सीनिऑरिटी पाहिली. ते म्हणाले, माश्यांना नियम माहीत नव्हता.

३० एप्रिल, संध्याकाळी
एक्स्टेन्शन नामंजूर. चार्ज घ्यायला कोणी नाही, म्हणून शाखाच बंद केली. बत्तीस वर्षं जपलेली शाखा. हार, शाल, समोसा. कपाटाच्या चाव्या शिपायाने नेल्या. घरी येऊन रडू आलं, लपवत नाही.

गच्चीवर गेलो. पेटी रिकामी. शोभा मागून आली. म्हणाली, आपली म्हातारी शेजारच्यांच्या जुन्या मीटरच्या डब्यात आहे, रमेशजींनी लाल ठिपका पाहिला. छान पोळं बांधलंय तिने. मग म्हणाली, जाताना ती मागे सहा जणी ठेवून गेली होती हो.