दिवसा झोपायची खोली

गव्हाण, ता. पनवेल

आईस,

पाया पडते. जेवण वेळेवर होतंय, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

मी खोली बदलली. विमानतळावर माझी रातपाळी, म्हणजे झोप दिवसा. त्यासाठी शांत जागा हवी होती. उलव्यातला फ्लॅट मी रविवारी पाहिला आणि तिथल्या तिथे होकार दिला, इतकं शांत होतं. सोमवारी कामावरून येऊन पाठ टेकली, तर शेजारच्या बांधकामावर ड्रिल मशीन सुरू झालं. रविवारी कामगारांना सुट्टी असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता इथे गव्हाण गावात घरमालकीण भामाकाकींच्या घरामागची खोली घेतलीय. एकच अडचण होती. सकाळी मासेवाली गल्लीभर ओरडत यायची. काकींना मी सहज बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा आवाजच बंद. डोळ्यांची आगही आता कमी आहे.

तुझा गुडघा कसा आहे? पापड वाळवायला गच्चीवर चढू नकोस.

तू फोनवर विचारलंस, तिकडे तुझं कोण आहे. काल मला सुट्टी होती. गल्लीच्या तोंडाशी ती मासेवाली दिसली. तिने मला कधी पाहिलेलं नाही. मी लांबूनच विचारलं, "ताई, बोंबील कसे दिले?"

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हलू बोल गो बाय," ती कुजबुजली. "तिथं एक पोर रातपाली करून निजलीय."

मी हळू आवाजात बोंबील मागितले.

तुझी,
कीर्ती