कपाटातल्या सहा बरण्या

३ तारीख
निश्चय पक्का. घरच्या घरी ऑयस्टर मशरूम. गहू अर्धवट शिजवायचे, बरण्यांत भरून कुकरला लावायचे, गार झाले की बियाणं घालून अंधारात ठेवायचे. सोपं आहे. ही गेल्यापासून दोन वर्षं हिचं कपाट रिकामंच आहे. अंधार आयताच मिळाला.
मुलीचा फोन. रविवारी येते म्हणाली. म्हटलं, आता नको, महिनाअखेरीस ये, घरचे मशरूम खाऊ घालतो.

४ तारीख
गव्हाचा गाळ झाला. मीठ घालून दोन्ही वेळा तोच जेवलो. दुसरे शिजवले, ते जमले. सहा बरण्या भरून, बियाणं घालून कपाटात ठेवल्या. बियाणंवाला म्हणाला, काका, तीन आठवडे झाकण उघडू नका. नवशिक्यांना सांगत असेल.

७ तारीख, सकाळी ७
झाकण उघडलं. एकदाच. पांढरे धागे धरलेत.

सकाळी ११
पुन्हा उघडलं. घरात काहीतरी वाढतंय, माणसाने बघू नये का?

१२ तारीख
रोज सकाळी झाकणं काढून सहाही जणांची विचारपूस करतो. आज तासभर बोललो. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी विचारलं, पाहुणे आलेत का. हो म्हटलं.

१६ तारीख
दोन बरण्यांत हिरवे ठिपके. तजेला आहे.
बियाणंवाल्याला फोटो पाठवला. म्हणाला, बुरशी लागली, फेकून द्या. अहो, मशरूम म्हणजे तरी काय? स्वतःच्या धंद्यातलं एवढंही माहीत नसावं.

१९ तारीख
सहाही हिरव्या. वास येतो. कपाटात हिच्या साड्यांचा थोडा वास उरला होता, तो गेला. याचं फार वाईट वाटलं.

२४ तारीख
बरण्या रिकाम्या केल्या. अपयश नव्हे, पहिला प्रयोग. पुढच्या खेपेला कपाटाला कुलूप लावून किल्ली मास्तरांकडे देणार.
मुलीचा फोन. परवा येऊ ना म्हणाली. खरं सांगणं जिवावर आलं. म्हटलं, पीक जोरात आहे, पण जरा कोवळं आहे. पुढच्या महिन्यात ये.

३० तारीख
मुलीचा फोन. जावयांची बदली झाली, परवा निघताहेत. लांब आहे, वर्षभर तरी येणं जमायचं नाही. म्हणाली, मशरूमचं काय घेऊन बसलास बाबा, मी नुसती चहाला आले असते.
म्हटलं, चहाला काय, केव्हाही ये.
फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो. दूध, साखर, चहापूड. महिनाभर सगळं घरात होतं.