पाण्याआधीची मुळं

आई, आज ओट्यावरच्या फिश टँकमध्ये मी पाणी भरलं, आणि ते तुला सांगावंसं वाटलं. काचेची लहानशी पेटी आहे, पण चाळीस दिवस तिच्यात मासाही नव्हता आणि पाणीही. तळाला काळी माती, तीही नुसती ओली. तिच्यात मेथीच्या दाण्याएवढ्या पानांची रोपं चिमट्यानं एकेक खोचलेली आणि वर पारदर्शक कागद ताणून बसवलेला. सुरुवातीलाच पाणी भरलं तर ही रोपं सुटून तरंगतात, म्हणून मुळं धरेपर्यंत फक्त ओल द्यायची, अशी ही पद्धत. तुझी नात शाळेतून आली की कपाळाला हात लावायची. "मम्मी, मैत्रिणींना काय सांगू? आमच्याकडे माती पाळलीय म्हणून?"

मला मात्र लोणी गावच्या रस्त्यालगतची ती रोपवाटिका दिसायची, जिथं तू कामाला जायचीस. मी दहा वर्षांची आहे. टोमॅटोचे वाफे ओल्या गोणपाटाखाली झाकलेले आहेत, तू झारी घेऊन वाकली आहेस. दुपारी तुम्ही बाया जेवायला बसलात तेव्हा मी गोणपाट उचललं आणि मुळं आलीत का ते बघायला एक कोंब उपटला, मग शेजारचा, मग अख्खी ओळ. मालकानं विचारलं, "कुणी केलं ह्ये?" तू म्हणालीस, "माझाच पाय पडला, भाऊ. ध्यान नव्हतं." त्यानं सगळ्यांसमोर तुला नाही नाही ते सुनावलं. मी तुझ्या पदराआड गप्प उभी. 'मी केलं' एवढे दोन शब्द का निघाले नाहीत, हे मी वहीत कितीदा लिहून खोडलंय. घरी येताना तू एवढंच म्हणालीस, "तुला बघितल्याबिगर ऱ्हावत न्हाई, ते ठीक हाये. पर आधी त्याला जगू तर दे."

म्हणून या वेळी मी कागदाला हातच लावला नाही. तुझा शब्द पाळतेय, असं वाटत होतं. तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यात कापसासारखी बुरशी आली आणि चार रोपं लोळली. तेव्हा कुठं आठवलं, की तू स्वतः रोज सकाळी गोणपाटाचं एक टोक उचलून नाक आत घालायचीस आणि म्हणायचीस, "कोंदलंय गं, जरा वारं लागू दे." तू मला काय सांगितलंस ते मी जपलं होतं; तू काय करायचीस ते नाही. मग मीही रोज थोडा वेळ कागद उघडा ठेवू लागले. आणि एका सकाळी खिडकीतून ऊन आलं तेव्हा बाजूच्या काचेला लागून मुळं दिसली. दोऱ्याहून बारीक, पांढरीशुभ्र, मातीतून वाट काढत खाली निघालेली. काहीही न उपटता! तुझा जन्म रोपांत गेला, पण चालतं मूळ तू कधी पाहिलं असशील का? माझा चहा हातातच गार झाला. बडबडी तुझी नात काचेला नाक लावून बसली.

आज मातीवर ताटली ठेवून तांब्यानं हळूहळू पाणी सोडलं. एकही रोप सुटलं असतं तर मला ते माझंच पाप वाटलं असतं. "ओत ना गं मम्मी, धरणाचे दरवाजे उघडल्यासारखी काय घाबरतेस!" पाणी पानांवर चढलं. सगळी हिरवळ एकदम हलली, झुकली, आणि जागची सुटली नाही. मग पानांच्या टोकांवरून मोहरीएवढे बुडबुडे एकेक करून वर जाऊ लागले. आम्ही दोघी ओट्यावर हनुवटी टेकून बघत राहिलो. एवढ्याशा पानांचा श्वास असा डोळ्यांना दिसतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

हे पान वहीतच राहणार, तू आता वाचणार नाहीस, म्हणून खरं तेच लिहिते. वर सगळं असं लिहिलंय, जणू तू सारखी सोबत होतीस. पण पाणी चढत होतं तेव्हा, आणि नंतरही बराच वेळ, मला तुझी आठवणच आली नाही. मागं शेगडीवर भाजी करपली, तेव्हा आली.