अंगठाभर फट

सातारा,
फेब्रुवारी १९४४

प्रिय सयाजी,

हे पत्र उमाच्या हाती पाठवतो आहे. भाचीच्या डोहाळजेवणाला ती सांगलीला माहेरी येते आहे. पोस्टावर माझा भरवसा नाही, हे तुला नवं नाही. वाईच्या शाळेत तू दिलेला पेरूसुद्धा मी आधी फोडून बघायचो आणि तू चिडायचास. उमा म्हणते, तुमचं तोंड दुधानं कधी पोळलं नाही, तरी ताक मात्र फुंकूनच पिता. म्हणू दे. तू हे एकटा असशील तेव्हा वाच आणि लगेच चुलीत घाल. तुझ्या जिवावर बेतेल असं काहीतरी चाललं आहे, आणि गेले काही महिने ते माझ्याच हातून घडत होतं.

दिवाळीनंतर बाळासो नावाचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. खडीचा ठेका घेतो म्हणाले. मी लाकडी आगबोट आणि घाटातली आगगाडी केली होती, ती त्यांनी शाळेच्या प्रदर्शनात पाहिली होती. तुझे मालक हंबीरराव यांच्या मुलीच्या लग्नात त्यांना हंबीररावांच्याच पॅकार्ड गाडीची हुबेहूब प्रतिकृती भेट द्यायची होती. हंबीरराव तर ऐकूनच फुलून गेले आणि मला गाडी दाखवायचा हुकूम त्यांनी तुलाच सोडला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ड्रॉइंग मास्तरच्या नशिबी एरवी मडकी आणि केळी. इथं लढाईच्या आधीची ती लांबलचक गाडी, आणि तिचा ड्रायव्हर माझा जुना मित्र.

विश्रामबागच्या बंगल्यावर मी आलो तो दिवस आठव. बाहेरची सगळी मापं मी स्वतः घेतली. पण मागचं दार उघडायला गेलो तर तू आडवा आलास. “नवं कातडं बसिवलंय रं, वलं हाय. तू हितंच ऱ्हा, आतलं म्या सांगतो,” म्हणालास. डिकीचंही तसंच, अर्धवट उघडून तूच टेप आत घातलीस. कातडं ओलं असतं तर त्याचा वास आला असता. मला तो आला नाही, आणि ते मी मनात ठेवलं.

पुढं काम रंगलं. एका फुटाला एक इंच धरून सागवानाचं अंग कोरलं. उमाच्या जुन्या फणीचे दात रुपेरी रंगवून पुढची जाळी केली, बंद पडलेल्या मनगटी घड्याळांच्या काचा दिव्यांना बसवल्या. मागची सीट तू दिलेल्या मापानं केली, डिकीही तुझ्याच मापानं. दोन्ही जागेवर ठेवली, तर मधे अंगठा मावेल एवढी फट. मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा मोजलं, डिकी काढून नवी केली. फट तशीच. माझ्या टेबलावर अंगठाभर म्हणजे तुझ्या गाडीत चांगली फूटभर जागा, सीटच्या पाठीमागं, अख्ख्या रुंदीची, आणि बाहेरून कुणाला पत्ता नाही.

खरं सांगतो, आधी तुझ्याबद्दल वाईट आलं मनात. साखर, रॉकेल, पेट्रोल, सगळ्याला रेशन. सयाजी काळ्या बाजारात शिरला, मालकाच्या गाडीतून माल हलवतो, असं मी धरूनच बसलो. दोन दिवस तुझा राग राग केला. मग तुझी बहीण अंजना आठवली. तिच्या नवऱ्यावर बेचाळीसच्या चळवळीपासून वॉरंट आहे. पोलीस रानोमाळ शोधतात आणि तो कधी कुंडलकडे असतो म्हणे, कधी पलूसकडे. तिथं त्याच्या माणसांना काय लागतं आणि ते कोण पोचवतं, हे मी तुला विचारत नाही. तूही सांगू नकोस. फक्त मला सांगावंसं वाटलं नाही तुला, याचं वाईट वाटलं. आणि गड्या, खोटी मापं तरी द्यायचीस! पण लष्करात शिकलेला तू, टेप हातात आली की तुझ्या तोंडून खोटं निघत नाही.

आता बाळासोंचं ऐक. हा माणूस दर आठवड्याला यायचा. दिव्यांकडे ढुंकून बघितलं नाही, रंगाबद्दल चकार शब्द नाही. “मास्तर, डिकी उघडाय पायजे बघा. आन शीट बी आतनं खरी पायजे,” एवढंच. खडीचा ठेकेदार म्हणावं, तर तळहात मऊ आणि घोट्याभोवती बुटाचे वळ. उमा हसली, म्हणाली, तुम्हाला बूट दिसला की लगेच फौजदार दिसतो. म्हणून एकदा मी त्याच्या मागं मागं मोती चौकापर्यंत गेलो. तिथं एक शिपाई विडी ओढत बसला होता. बाळासोंना बघताच त्यानं विडी मुठीत लपवली आणि ताडकन उभा राहिला. बाळासोंनी नुसते डोळे वटारले, तसा तो पुन्हा खाली बसला. घरी येऊन उमाला सांगितलं. ती हसली नाही.

म्हणजे डाव असा. हंबीररावांच्या गाडीला उगाच हात लावायची कुणाची छाती नाही. काही सापडलं नाही तर हात लावणाऱ्याची नोकरी जायची. आधी खात्री हवी, आणि ती त्यांना माझ्या टेबलावर आयती मिळणार होती. तुझ्या मालकाला यातलं काही ठाऊक नसणार, पकडला गेलास तर तोही पाठीशी उभा राहणार नाही.

मी सीटची पाठ इंचभर मागं सरकवली, पार डिकीला चिकटवून. फट संपली. आयुष्यात मुद्दाम चुकीचं केलेलं हे माझं पहिलं काम. परवा बाळासो मॉडेल घ्यायला आले. एक बोट डिकीत, एक सीटवर, असं किती वेळ चाचपत राहिले. तोंड उतरलं. मला वाटलं, सुटलो. पण जाताना म्हणाले, “लग्नात गाडीच्या शेजारीच मांडतो मास्तर. मापं ताडून बघणारं पावणं लय असत्यात.” सयाजी, ते पाहुणे कोण असतील ते मी सांगायला नको. लग्न होळीच्या आधी आहे, म्हणजे हातात दिवस थोडे. आत जे असेल ते आजच काढ आणि सीटची पाठ फूटभर मागं घे. मी तुझी गाडी बघून मॉडेल केलं. आता तू माझं मॉडेल बघून गाडी कर.

तुझाच संशयी,
चिंतामण